सगळंच थोडंथोडं आवडतं, मग फ्रंटएंड, बॅकएंड की डेटा हे ठरवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षं जावाच्या एका जुन्या प्रोजेक्टवर मेंटेनन्स केलाय, मधूनमधून फ्रंटएंडचं रिॲक्ट हाताळलंय, पायथॉनचा एक कोर्स झालाय. आता कंपनी विचारतेय की फ्रंटएंड टीममध्ये (युजरला दिसणाऱ्या स्क्रीनचं काम) जाणार, बॅकएंडमध्ये (मागच्या सर्व्हर-डेटाबेसचं काम) की डेटा टीममध्ये (साठलेल्या माहितीचं काम), आणि महिनाभरात उत्तर द्यायचंय. ज्याला विचारावं तो म्हणतो "आवडीप्रमाणे निवड", पण सगळंच थोडंथोडं आवडतं, बॅकएंडचा तेवढा कंटाळा आलाय, मग आवड ओळखायची कशी?

मी सुरुवातीला एम्बेडेडमध्ये (यंत्रांच्या आतल्या छोट्या चिपसाठी कोड लिहिणं) होते, नंतर बॅकएंड आणि डेटाबेसकडे आले, आता बरीच वर्षं टीम सांभाळतेय आणि इंटरव्ह्यू घेतेय. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस कधी ना कधी विचारतोच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. नवीन काही बनवायला घेतलं की सगळंच आवडतं. ट्युटोरियल बघत पहिलं पेज उभं केलं, आवडलं. पहिली एपीआय (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे माहिती मागायची सोय) लिहिली, ती तपासायच्या पोस्टमन टूलमध्ये २०० म्हणजे "सगळं ठीक" आलं, आवडलं. डेटावरून अंदाज बांधणारं मॉडेल ट्रेन केलं, ॲक्युरसी ९४ टक्के आली, लय भारी वाटलं. यावरून काहीही ठरत नाही, कारण ट्युटोरियल लिहिणाऱ्याने वाटेतले खड्डे आधीच बुजवून ठेवलेले असतात. खरी आवड कळते ती काहीतरी मोडल्यावर. प्रत्येक क्षेत्रात गोष्टी मोडायची पद्धत वेगळी, ते शोधायची पद्धत वेगळी, आणि नोकरीतला बराचसा वेळ तिथेच जातो, नवीन बनवण्यात नाही. त्यामुळे स्वतःकडे बघायचं ते असं, की कुठल्या प्रकारचा बग, म्हणजे कोडमधली चूक, तुम्ही कोणी न सांगता रात्री उशिरापर्यंत धरून बसता, आणि कुठला बग आला की तो गुपचूप दुसऱ्याच्या नावावर असाइन करावासा वाटतो.

म्हणून तिन्ही टीममधले बग कसे असतात तेच सांगते.

फ्रंटएंड घ्या. मोबाइलवरचं चेकआउट पेज, पूर्ण स्क्रीनभर, खाली चिकटलेलं "पुढे जा" बटन. डिझाइनमध्ये छान दिसतंय, लॅपटॉपवर छान दिसतंय, क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये फोनची साइज लावून बघितलं तरी छान. आणि खऱ्या आयफोनवर बटन अर्धं गायब. का, तर तुम्ही हाइट १०० व्हीएच, म्हणजे स्क्रीनच्या उंचीच्या १०० टक्के, दिलीय, आणि आयफोनवरची सफारी १०० व्हीएच मोजताना ॲड्रेस बार आक्रसलेला आहे असं धरून मोजते, त्यामुळे बार पूर्ण दिसत असला की तुमचं पेज दिसणाऱ्या जागेपेक्षा उंच होतं आणि खालचा तुकडा बाहेर जातो. हे कित्येक वर्षं असंच चाललं, लोक जावास्क्रिप्टने हाइट मोजून वेळ मारून नेत होते, मग २०२२ मध्ये ब्राउझरमध्ये डीव्हीएच, एसव्हीएच वगैरे नवीन युनिट्स आली. बरं, बटन नीट केलं, तर लगेच दुसरी तक्रार, की ईमेल टाकायला बॉक्सवर टॅप केलं की अख्खं पेज झूम होतंय. त्याचं कारण इनपुटचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान आहे, आयफोन अशा वेळी आपणहून झूम करतो.

आता हे वाचून तुम्हाला "अरेच्चा, असं आहे होय" असं वाटलं का? की "ब्राउझरवाल्यांनी घातलेले घोळ मी का निस्तरू" असं वाटलं? दोन्हीपैकी काहीही वाटलं तरी त्यात कमीपणा नाही, पण दुसरं वाटत असेल तर हे रोज आहे हे लक्षात घ्या. फ्रंटएंडचा मोठा फायदा म्हणजे उत्तर लगेच मिळतं, फाइल सेव्ह केली की सेकंदाभरात स्क्रीनवर बदल दिसतो, ज्याला वाट बघवत नाही त्याच्यासाठी याच्यासारखं सुख नाही. आणि मोठा तोटा म्हणजे तुमचं काम सगळ्यांना दिसतं. डेटाबेसचं इंडेक्सिंग कसं करायचं यावर कोणी मत देत नाही, पण बटन कुठल्या रंगाचं असावं यावर सेल्सवाल्यापासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांना मत असतं. ते हसून ऐकून घेऊन, "मजकूर आणि बॅकग्राउंडमधला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ला १ पाहिजे, त्यामुळे हा फिका करडा चालणार नाही" असं शांतपणे सांगता येणं हा फ्रंटएंडमधला अर्धा पगार आहे.

आता बॅकएंड, आणि इथे मी तुमच्याशी थोडं भांडणार आहे. बॅकएंडचा कंटाळा आलाय म्हणताय, पण दोन वर्षं तुम्ही जे केलं ते म्हणजे फॉर्ममधून आलेलं टेबलमध्ये टाका, टेबलमधलं काढून दाखवा, एक कॉलम वाढवा, रिपोर्टमध्ये तो कॉलम दाखवा. त्याचा कंटाळा कोणालाही येईल, मलाही येतो. त्यावरून अख्खं क्षेत्र नावडतं असं ठरवू नका. जुना कोडबेस, टेस्ट नाहीत, ज्याने लिहिलं तो कधीच सोडून गेला, अशा प्रोजेक्टवर फ्रंटएंड केलं असतं तरी कंटाळाच आला असता.

बॅकएंडमधला बग कसा असतो बघा. लॉगिन हळू झालंय. टेस्टिंगला हजारभर युजर होते तेव्हा पळत होतं, आता टेबलमध्ये ४० लाख आहेत. ईमेलच्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी, ओळ पटकन शोधायची सोय) आहे, टीममधले सगळे शपथेवर सांगतायत. क्वेरी कशी चालते ते दाखवणारी एक्स्प्लेन कमांड लावून बघितलं तर पोस्टग्रेस हा डेटाबेस म्हणतोय सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अख्खं टेबल वाचून काढतंय, एका माणसाला लॉगिन करू द्यायला. इंडेक्स आहे तर मग वापरत का नाही? तर कोणीतरी कॅपिटल-स्मॉलचा घोळ नको म्हणून क्वेरीत ईमेलला लोअर फंक्शन लावलंय, आणि इंडेक्स आहे तो जसाच्या तसा असलेल्या ईमेलवर, लोअर केलेल्या ईमेलवर नाही, डेटाबेसच्या दृष्टीने या दोन वेगळ्याच गोष्टी. उपाय सोपा, लोअर केलेल्या ईमेलवरच इंडेक्स बनवायचा. पण तो चालू सिस्टिमवर साध्या पद्धतीने बनवायला घेतला तर बनून होईपर्यंत त्या टेबलमध्ये काही लिहिणं, बदलणं अडकून राहतं, नवीन साइनअप बंद, म्हणून कन्करंटली असा पर्याय देऊन बनवायचा, त्याला वेळ जास्त लागतो पण दुकान चालू राहतं.

किंवा दुसरा प्रकार. युजरने पैसे द्यायचं बटन दाबलं, रिक्वेस्ट सर्व्हरवर गेली, पेमेंट झालं, आणि "झालं" हे उत्तर परत येताना नेटवर्क तुटलं. ॲपला वाटलं रिक्वेस्ट गेलीच नाही, त्याने इमानदारीत परत पाठवली. पैसे दोनदा कापले गेले. आता ॲपचा कोड बघा, बरोबर आहे, सर्व्हरचा कोड बघा, तोही बरोबर आहे. चूक दोघांच्या मधल्या जागेत आहे. यावर उपाय म्हणजे प्रत्येक खरेदीला ॲपनेच एक युनिक की द्यायची आणि सर्व्हरने तीच की दुसऱ्यांदा आली तर नवीन काही न करता पहिलं उत्तरच परत द्यायचं, याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. ही मधली जागा ज्याच्या डोक्यात घोळत राहते, "आणि हे इथे बरोब्बर अर्ध्यात तुटलं तर?" हा प्रश्न ज्याला आपोआप पडतो, तो बॅकएंडचा माणूस. तुम्हाला दोन वर्षांत असा प्रश्न एकदाही पडला नसेल तर कंटाळा खरा आहे. पडला असेल आणि विचारायला कोणी नव्हतं, तर प्रोजेक्ट बदला, क्षेत्र कशाला बदलता.

डेटाचं सगळंच वेगळं, कारण तिथे बऱ्याचदा काही मोडलंय हेच कळत नाही. एरर नाही, लॉगमध्ये लाल काही नाही, पाइपलाइन (डेटा एकीकडून दुसरीकडे नेणारे प्रोग्रॅम) हिरवी, डॅशबोर्ड चकाचक, आणि आकडा खोटा. साधं उदाहरण, ऑर्डरचं टेबल आणि पत्त्यांचं टेबल जोडून शहरवार विक्री काढली. ज्या ग्राहकाचे दोन पत्ते सेव्ह आहेत त्याची प्रत्येक ऑर्डर जॉइन करताना दोन ओळींत आली, बेरीज फुगली. फुगली म्हणजे दुप्पट नाही झाली हं, दुप्पट झाली असती तर कोणीतरी ओरडलं असतं, पाच-सात टक्क्यांनी फुगली, आणि विक्री वाढली म्हणून सगळे खूश. हे पकडायला संशयी स्वभाव लागतो. आकडा चांगला आला की ज्याला आनंद होण्याआधी शंका येते, तो माणूस डेटात टिकतो. मशीन लर्निंगमध्येही तेच, ग्राहक सोडून जाणार का हे ओळखणारं मॉडेल बनवलं आणि ९९ टक्के ॲक्युरसी आली तर पहिलं काम म्हणजे कॉलम तपासायचे, बहुतेक वेळा त्यात "खातं बंद करण्याचं कारण" असा एखादा कॉलम राहून गेलेला असतो, म्हणजे उत्तरपत्रिका समोर ठेवूनच परीक्षा घेतली. कोर्समध्ये हे शिकवत नाहीत कारण कोर्समधला डेटा आधीच धुऊन-पुसून ठेवलेला असतो. आणि तुमच्या कंपनीची "डेटा टीम" म्हणजे नक्की काय हेही विचारून घ्या, कारण कुठे त्याचा अर्थ पाइपलाइन बांधणं असतो, कुठे डॅशबोर्ड बनवणं, कुठे मॉडेल, आणि ही तीन वेगळी कामं आहेत. मॉडेल बनवायला मिळेल म्हणून गेलेली बरीच मंडळी वर्षभर सीएसव्ही फाइलींशी झटापट करताना मी बघितलीयेत.

तुम्ही तीनच टीम सांगितल्यात, पण हे वाचणारे बाकीचेही असतील म्हणून इतरांबद्दल थोडं.

मोबाइल बाहेरून फ्रंटएंडसारखं दिसतं, पण एक फरक फार मोठा आहे, सोडलेलं व्हर्जन परत घेता येत नाही. वेबसाइटवर बग गेला तर दहा मिनिटांत दुरुस्त करून टाकता येतो, ॲपचं अपडेट स्टोअरच्या रिव्ह्यूतून जाणार, मग लोक ते टाकणार, आणि काही लोक कधीच टाकणार नाहीत, त्यांच्या फोनमध्ये तुमचा जुना बग वर्षानुवर्षं नांदणार. ज्याला दहादा तपासून मगच हात सोडायची सवय आहे त्याला हे जमतं. गेममध्ये सगळा खेळ वेळेचा, सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, त्यात फिजिक्स, चित्र, आवाज सगळं बसवायचं. गेम खेळायला आवडणं आणि ते १६ मिलिसेकंद वाचवायला आवडणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

डेव्हऑप्स किंवा एसआरईमध्ये, म्हणजे सिस्टिम सतत चालू ठेवायच्या कामात, काम चांगलं झालं तर कोणाला काही कळतच नाही. सिस्टिम ९९.९ टक्के चालू पाहिजे म्हणजे महिन्यात साधारण ४३ मिनिटं बंद राहायची मुभा, अजून एक नऊ लावला की चार मिनिटांच्या आसपास, म्हणजे फोन वाजल्यावर माणूस उठून लॅपटॉप उघडेपर्यंत महिन्याचा कोटा संपला. इथे ऑन-कॉल (बिघाड झाला की कधीही फोनवर हजर राहायची पाळी) आहेच, आणि रात्री तीन वाजता अर्धवट झोपेत शांतपणे लॉग वाचता येणं हा स्वभावाचा भाग आहे, तो ट्रेनिंगने थोडाफारच येतो. नव्या माणसाने थेट इथे यायची घाई करू नये असं मला वाटतं, आधी वर्ष-दोन वर्षं कुठलंतरी सॉफ्टवेअर स्वतः लिहून चालवलेलं असलं की हे काम जास्त कळतं. सिक्युरिटीचंही तसंच. तिथे दुसऱ्याचा कोड तासन् तास वाचायला आणि नंतर रिपोर्ट लिहायला आवडलं पाहिजे, हुडी घालून काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं टाइप करणं हा भाग त्यात नसतोच. तुम्ही जावावाले आहात म्हणून सांगते, डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेचं प्रकरण झालं, जावाच्या या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत सुरक्षेचं मोठं भोक सापडलं, तेव्हा अनेक ठिकाणी पहिला प्रश्न "पॅच कसा करायचा" हा नव्हता, "हे आपल्याकडे आहे का आणि कुठे कुठे आहे" हा होता, कारण ती लायब्ररी दुसऱ्या लायब्ररीच्या आतून आलेली. असं खणत बसायला ज्याला मजा वाटते त्याने त्या बाजूचा जरूर विचार करावा.

एम्बेडेडबद्दल मी पार्शल आहे. आर्डुइनो उनो आर३ या शिकाऊंच्या छोट्या बोर्डवर जी एटीमेगा ३२८पी चिप असते तिच्यात रॅम २ केबी. केबी, एमबी नाही. इंटरप्ट (चालू काम मधेच थांबवणारा सिग्नल) आला की एक फ्लॅग (हो-नाही सांगणारा व्हेरिएबल) सेट होतो आणि मेन लूप तो फ्लॅग बघत बसलाय, एवढा साधा कोड. डीबग बिल्डमध्ये चालतो, ऑप्टिमायझेशन चालू केलं की अडकून बसतो. कारण कंपायलरला (आपल्या कोडचा चिपच्या भाषेत अनुवाद करणारा प्रोग्रॅम) दिसतं की या लूपमध्ये हा व्हेरिएबल कोणीच बदलत नाही, मग तो सारखा मेमरीतून कशाला वाचायचा, एकदाच वाचून ठेवतो. इंटरप्ट बाहेरून येऊन तो बदलणार आहे हे त्याला सांगायला व्हेरिएबलच्या आधी व्होलटाइल हा शब्द लिहावा लागतो. आणि कधीकधी काय चाललंय बघायला प्रिंट टाकावं तर बगच गायब होतो, कारण प्रिंटमुळे टायमिंग बदललं. मला हे सगळं आजही आवडतं. मी त्यातून बाहेर आले कारण हार्डवेअरमध्ये बदल केला की नवीन बोर्ड यायला आठवडे लागायचे आणि तेवढं थांबणं मला झेपायचं नाही.

हा थांबण्याचा मुद्दा लोक विचारातच घेत नाहीत. तुम्ही बदल केल्यापासून तो बरोबर की चूक कळेपर्यंत किती वेळ जातो? फ्रंटएंडला सेकंद, बॅकएंडला काही मिनिटं, टेस्ट आणि डिप्लॉय धरून कधी तास, मोठं मॉडेल ट्रेन करायला तास किंवा दिवस, हार्डवेअरला आठवडे. काही लोकांना लांब वेळ मिळाला की बरं वाटतं, ते आधी कागदावर विचार करतात, एकदाच नीट करतात. काहींना दर दोन मिनिटांनी काहीतरी हललेलं दिसलं नाही तर कसंनुसं होतं. स्वतःला यातलं कुठलं लागू पडतं ते आपल्याला बहुतेक माहीत असतंच, फक्त नोकरी निवडताना त्याचा विचार करायचं सुचत नाही.

याउलट ज्या गोष्टीवरून लोक ठरवतात ती माझ्या मते निव्वळ भाकडकथा आहे, म्हणजे ते "तू कमी बोलतोस ना मग बॅकएंड घे", "तू क्रिएटिव्ह आहेस मग फ्रंटएंड घे". बॅकएंडवाल्याचे निम्मे दिवस एपीआयमध्ये काय पाठवायचं आणि काय नाही यावर चार टीमशी वाद घालण्यात जातात, न बोलून चालतच नाही. आणि फ्रंटएंडमध्ये रंगरूप ठरवणारा बहुतेक वेळा डिझायनर वेगळाच असतो, तुमच्याकडे येतं ते स्टेट (पेजची त्या क्षणाची माहिती) कुठे ठेवायची, पेजचा कुठला तुकडा उगाच परत परत काढला जातोय, अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर हे कसं सांगेल, म्हणजे बऱ्यापैकी कोरडं तर्काचं काम. गणित कच्चं म्हणून डेटा सोडणाऱ्यांनाही सांगावंसं वाटतं की पाइपलाइनच्या कामात गणितापेक्षा एसक्यूएल आणि चिकाटी जास्त लागते. मॉडेलच्या कामात मात्र स्टॅटिस्टिक्स टाळता येत नाही, तिथे खोटं आश्वासन देणार नाही.

अजून एक, क्षेत्र निवडा, फ्रेमवर्क (कोड लिहायचा तयार सांगाडा) निवडू नका. फ्रंटएंडचीच बघा. जेक्वेरी २००६ चं, ॲन्ग्युलरजेएस २०१० चं, रिॲक्ट २०१३ चं, आणि २०१६ ला ॲन्ग्युलर २ आलं ते इतकं नव्याने लिहिलेलं होतं की जुनं शिकलेल्यांना परत पहिल्यापासून बसावं लागलं. ब्राउझरमध्ये ॲनिमेशन आणि गेम चालवणाऱ्या फ्लॅशवर तर लोकांची अख्खी करिअर उभी होती, ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने त्याचा सपोर्टच बंद केला. पण ज्यांना फ्लॅशमध्ये ॲनिमेशनचं टायमिंग आवडायचं त्यांतले बरेच जण आज ब्राउझरमध्ये किंवा गेममध्ये तेच करतायत. दुसऱ्या टोकाला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, बघा, १९७० च्या दशकातलं, १९८६ ला त्याचं स्टँडर्ड झालं, आणि आज तुमच्या तीनपैकी दोन टीममध्ये रोज लागणार. सतत नवीन शिकायला आवडत असेल तर फ्रंटएंडची ही धावपळ मजेची वाटेल, एकदा शिकलेलं मुरत जावं असं वाटत असेल तर डेटाबेस, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम या बाजूला जीव रमेल. हाही आवडीचाच भाग आहे.

पगाराबद्दल विचारलं नाहीत पण मनात असणारच. क्षेत्राक्षेत्रात फरक असतो, नाही असं नाही, पण एकाच क्षेत्रातल्या चांगल्या आणि जेमतेम माणसाच्या पगारात त्याहून जास्त फरक मी बघितलाय, आणि नावडत्या बगवर रोज आठ तास बसून कोणी चांगला होत नाही. फक्त ज्याच्यावर घराची जबाबदारी आहे त्याने "पॅशन" वगैरे ऐकून हातातली नोकरी सोडू नये, तुमच्याकडे तर कंपनीच टीम बदलून देतेय, म्हणजे पगार चालू असताना प्रयोग.

आणि एआय. "आता कोड एआयच लिहितं, मग स्पेशलायझेशन कशाला" असंही विचारतात. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यापासून नवीन कोड लिहिणं सगळ्याच क्षेत्रांत सोपं झालंय हे खरं, माझी टीमही वापरते. पण म्हणूनच वर म्हटलेलं जास्त लागू होतं. फॉर्म बनवून मिळेल, क्वेरी लिहून मिळेल, पण ती ४० लाख ओळींवर का रेंगाळतेय, बेरीज पाच टक्के का फुगलीय, हे बघायला ज्याला त्या भागाची खोड आहे असा माणूस लागतोच, आणि दुसऱ्याने लिहिलेला, दिसायला झकास पण आतून चुकलेला कोड वाचणं हे आता सगळ्यांच्याच वाट्याला जास्त येणार. तुम्ही दोन वर्षं मेंटेनन्स केलाय ना, तो इथे कामाला येईल.

आता तुमच्याकडे महिना आहे, म्हणजे चार वीकेंड. तीन टीमना एकेक द्या, आणि त्यात नवीन काही बनवत बसू नका, मोडा.

फ्रंटएंडच्या वीकेंडला पाच-सहा बॉक्सचा एक फॉर्म घ्या, तुमच्याच प्रोजेक्टमधला घेतला तरी चालेल, आणि माऊस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डने पूर्ण भरून बघा. फोकस कुठे जातो ते दिसतंय का, ब्राउझर २०० टक्के झूम केला तर काय होतं, नावाच्या जागी साठ अक्षरांचं नाव टाकलं तर, डेव्हटूल्समध्ये नेटवर्क स्लो करून सबमिट दोनदा दाबलं तर. जे फुटेल ते दुरुस्त करा. बॅकएंडच्या वीकेंडला पोस्टग्रेस टाका, जनरेट सीरिज नावाचं फंक्शन आहे त्याने ५० लाख ओळी भरा आणि वरच्या लॉगिनसारखी क्वेरी मुद्दाम हळू करून परत फास्ट करा. मग दोन टर्मिनल उघडा, दोन्हींत ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण होणाऱ्या बदलांचा गट) सुरू करा, पहिल्यात ओळ १ अपडेट करा, दुसऱ्यात ओळ २, मग पहिल्यात ओळ २ आणि दुसऱ्यात ओळ १. दोघंही एकमेकांची वाट बघत अडकतील, आणि साधारण सेकंदाभराने पोस्टग्रेस डेडलॉक ओळखून एकाला बाहेर काढेल. ते बघताना अंगावर जरासा काटा आला तर बॅकएंड इतक्यात सोडू नका. डेटाच्या वीकेंडला एखाद्या सरकारी पोर्टलवरून एकाच विषयाच्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या फाइली उतरवा आणि जोडा, नावांची स्पेलिंग जुळणार नाहीत, कॉलम बदललेले असतील, कुठे रिकामं, कुठे शून्य, आणि रिकामं म्हणजे शून्य का माहीत नाही, हेही तुम्हालाच ठरवायचंय. शेवटी बेरीज मूळ फाइलशी जुळवून दाखवा.

यात कुठलं जमलं याला फार महत्त्व देऊ नका, पहिल्या दोन दिवसांत कोणालाच नीट जमत नाही. सोमवारी कामाला बसल्यावर मागे डोक्यात कुठलं चालू होतं ते बघा. अडकल्यावर उत्तर शोधताना त्या विषयाचं गरजेपेक्षा जास्त कुठे वाचत गेलात, आणि कुठे कॉपी-पेस्ट करून "झालं बाबा एकदाचं" म्हणालात, तेही बघा.

चौथ्या वीकेंडच्या आधी तिन्ही टीम लीडना भेटा. "टीममध्ये काय काय शिकायला मिळेल" हे विचारू नका, त्यावर सगळे छानच बोलतात. मागच्या महिन्यात सगळ्यात जास्त डोकं खाल्लेलं तिकीट कुठलं होतं ते विचारा, आणि शक्य असेल तर ते तिकीट उघडून पहिल्या कमेंटपासून शेवटच्या कमेंटपर्यंत वाचायला मागा. ऑन-कॉल आहे का, कितीदा येतो, रात्री फोन आला तर दुसऱ्या दिवशी उशिरा आलेलं चालतं का, हेही लगे हात विचारून घ्या. तीन तिकिटं वाचून झाली की त्यातलं कुठलं तुमच्यावर पडलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं, ती टीम कंपनीला कळवा, आणि कळवताना वर्षभराने टीम बदलायची सोय आहे का आणि त्यासाठी कोणाची मंजुरी लागते हे एचआरकडून ईमेलवर घेऊन ठेवा.